नरांची नसबंदी : स्टॅटन आयलंडच्या हरणांचे प्रकरण

न्यूयॉर्क शहराच्या पाच बरोंपैकी, म्हणजे प्रशासकीय विभागांपैकी, स्टॅटन आयलंड हे कारभाराने शहरात मोडते, पण राहणीने ते उपनगरच आहे. सुमारे दीडशे चौरस किलोमीटरच्या या बेटावर २०२० च्या जनगणनेप्रमाणे पाच लाखांना थोडी कमी माणसे राहतात आणि पुढे हिरवळ, मागे परस अशी बैठी किंवा दुमजली घरे इथे ओळीने दिसतात. बेटाच्या मधोमध ग्रीनबेल्ट नावाचा मोठा जंगलपट्टा आहे. दक्षिणेकडे माउंट लोरेटो आणि क्ले पिट पाँड्स ही राज्य सरकारच्या ताब्यातली राखीव क्षेत्रे आहेत, तर पश्चिमेला फ्रेशकिल्स आहे. तिथे २००१ पर्यंत शहराचा कचरा येऊन पडत असे आणि आता त्याच टेकड्यांवर गवत वाढवून उद्यान उभे केले जात आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला दाट जंगलापेक्षा जंगलाची कड अधिक मानवते, कारण दिवसा लपायला झाडी आणि संध्याकाळी चरायला मोकळे रान किंवा कुणाची तरी बाग अशी दोन्ही सोय त्याला कडेवरच मिळते. स्टॅटन आयलंडवर अशा कडांना तोटा नाही.

तरीही विसाव्या शतकाचा बहुतेक काळ या बेटावर हरीण नव्हते. शिकार आणि जंगलतोड यांमुळे ते पूर्वीच नाहीसे झाले होते. बेट आणि न्यू जर्सी यांच्यामध्ये आर्थर किल नावाची भरती-ओहोटीची खाडी आहे आणि ती अनेक ठिकाणी अर्ध्या किलोमीटरपेक्षाही अरुंद आहे. हरीण चांगले पोहते. पलीकडच्या मिडलसेक्स परगण्यात, जिथे एडिसन आणि आयसेलिनच्या आसपास आपली बरीच मराठी कुटुंबे राहतात, तिथे परसातल्या भाज्यांना उंच जाळी लावावी लागते हे कुणाला सांगावे लागत नाही. तिथे दाटी झाली की तरुण हरणे नवी जागा शोधत बाहेर पडतात, आणि त्यांतली काही या शतकाच्या सुरुवातीला खाडी पार करून बेटावर स्थिरावली.

राज्याच्या पर्यावरण संवर्धन खात्याने २००८ मध्ये बेटावर २४ हरणे असल्याचा अंदाज दिला होता. २०१४ मध्ये शहराच्या उद्यान खात्याने उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी विमानातून पाहणी करून घेतली, तेव्हा ७६३ हरणे मोजली गेली. २०१७ च्या सुमारास कॅमेरा सापळ्यांवर आधारलेल्या अंदाजाने हा आकडा दोन हजारांच्या थोडा वर गेला. वृत्तपत्रांनी या तीन आकड्यांची ओळ मांडून 'नऊ वर्षांत ऐंशीपट' असा निष्कर्ष काढला आणि पुढची सगळी चर्चा त्या घबराटीत झाली.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. सहा वर्षांत २४ चे ७६३ होण्यासाठी दरवर्षी सरासरी ७८ टक्के वाढ लागते. या प्राण्याच्या वाढीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मिशिगनमधल्या जॉर्ज राखीव क्षेत्राचे आहे. तिथे १९२८ मध्ये कुंपणाच्या आत सहा हरणे सोडली होती आणि सहा वर्षांनी तिथे १६० मोजली गेली. म्हणजे मुबलक चारा, शिकारी प्राणी नाहीत आणि बाहेरची ढवळाढवळ नाही, अशा आदर्श स्थितीतही वाढ वर्षाला सुमारे ७३ टक्के भरते. मोटारींनी भरलेल्या उपनगरात ती त्याहून जास्त झाली असे मानण्यापेक्षा, २००८ चा अंदाज कमी होता आणि न्यू जर्सीतून आवक चालूच होती, असे मानणे अधिक रास्त ठरते. २०१४ ते २०१७ या टप्प्यातही मोजण्याची पद्धत बदलली होती. विमानातून झाडीखालची हरणे निसटतात. कॅमेरा सापळ्यांत तीच हरणे रोज रात्री हजेरी लावतात. तेव्हा संख्या वेगाने वाढत होती यात शंका नाही, परंतु ती किती वेगाने वाढत होती हे तीन वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरून सांगणे कठीण होते. पुढे कोणत्याही उपायाचे यश याच आकड्यांशी ताडून पाहिले जाणार असल्याने हा मुद्दा केवळ हिशेबी नाही.

हानीच्या बाबतीत मात्र फारसा वाद नव्हता. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते फांदी खालच्या दातांनी पकडून वर हिसका देते, त्यामुळे खाल्लेल्या डहाळीचे टोक फाटलेले, चिंध्या लोंबल्यासारखे दिसते. सशाने खाल्लेली डहाळी सुरीने तिरपी कापल्यासारखी असते, त्यामुळे जाणकाराला नुसत्या टोकावरून गुन्हेगार ओळखता येतो. हरणांची दाटी वाढली की जमिनीपासून माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंतची सगळी पाने नाहीशी होतात आणि रानात दूरवर आरपार दिसू लागते. फिरायला येणाऱ्यांना अशी मोकळी झाडी आवडते देखील, पण तिचा अर्थ असा की ओकची रोपे गुडघ्याच्या वर जातच नाहीत आणि आजची मोठी झाडे पडली की त्यांची जागा घ्यायला खाली कोणी नसते. उरते ते हरणांना न आवडणारे, बहुधा परदेशातून आलेले तण. न्यूयॉर्क शहराने दहा लाख झाडे लावण्याची मोहीम २०१५ मध्ये पूर्ण केली होती. लावलेली रोपे हरणांच्या तोंडी जाणे हा त्या गुंतवणुकीवर थेट घाला होता. शिवाय दर नोव्हेंबरात, नर माद्यांच्या मागे बेभान धावत असताना, संध्याकाळच्या गर्दीत गाड्यांना होणारे अपघात होतेच. गोचिडांविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

उपाय निवडताना शहरापुढे वरकरणी अनेक मार्ग होते, पण प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक आधीच बंद झालेले होते. न्यूयॉर्क राज्यात हरणांच्या संख्येचे व्यवस्थापन मुख्यतः परवानाधारक शिकारीतून होते, पण न्यूयॉर्क शहराच्या पाचही बरोंमध्ये शिकारीला कायद्याने मनाई आहे. राज्याच्या नियमाप्रमाणे राहत्या घरापासून पाचशे फुटांच्या आत बंदूक चालवता येत नाही, आणि बेटावर कोणत्याही घरापासून एवढे अंतर राखता येईल अशा जागा थोड्याच आहेत. पकडून दुसरीकडे नेऊन सोडणे ऐकायला सोयीचे वाटते. मात्र पकडताना आणि प्रवासात बरीच हरणे दगावतात, नव्या जागी उरलेलीही लवकर मरतात, आणि २००५ मध्ये राज्याच्या ओनायडा परगण्यात हरणांचा मेंदू पोखरणारा प्राणघातक आजार आढळल्यापासून त्यांची ने-आण हा विषय राज्याने जवळजवळ बंदच करून टाकलेला आहे.

राहिले होते प्रशिक्षित नेमबाजांकडून, रात्री, आमिषावर आलेल्या हरणांना टिपण्याचे काम. न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनने २००१ पासून हे केले होते, विरोध झेलत केले होते, आणि तिथे हरणे कमी झाली होती. ते काम व्हाइट बफेलो या संस्थेने केले होते. वन्यजीवशास्त्रज्ञ अँथनी डिनिकोला यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेली ही संस्था उपनगरी हरणांच्या बाबतीत अमेरिकेत सर्वांत अनुभवी मानली जाते. स्टॅटन आयलंडवर २०१६ मध्ये नसबंदीचे कंत्राट मिळाले तेही याच संस्थेला. ज्यांनी गावोगाव हरणे मारली त्यांनीच इथे ती जिवंत ठेवून शस्त्रक्रिया केल्या, याची काहींनी टिंगल केली. मला मात्र त्यात विसंगती दिसत नाही. रात्री हरणाला न बिचकवता त्याच्याजवळ पोहोचण्याचे कसब दोन्ही कामांत एकच लागते. बंदुकीत गोळी घालायची की भुलीची सुई, हे ज्याच्या त्याच्या नगरपालिकेने ठरवायचे असते.

महापौर बिल डी ब्लासिओ यांच्या प्रशासनाने मे २०१६ मध्ये योजना जाहीर केली. बेटावरच्या नर हरणांची जास्तीत जास्त संख्येने नसबंदी करायची, तीन वर्षे ती चालवायची आणि परिणाम मोजायचे, असे तिचे स्वरूप होते. सुरुवातीला सुमारे २० लाख डॉलरचा खर्च धरला होता. तो लवकरच ३३ लाखांपर्यंत गेला आणि पुढे मुदतवाढी मिळत एकूण खर्चाने ६० लाखांचा टप्पा ओलांडला. वन्यप्राणी कायद्याने राज्याच्या अखत्यारीत येत असल्याने शहराला राज्याचा परवाना घ्यावा लागला. राज्याच्या तज्ज्ञांना एवढ्या एकाच उपायाने संख्या आटोक्यात येईल याचा भरवसा नव्हता आणि त्यांनी तो संशय लपवलाही नाही. परवाना मिळाला तो संशोधन प्रकल्प म्हणून.

रात्रीचे प्रत्यक्ष काम असे चाले. उद्यानाच्या कडेला किंवा परवानगी दिलेल्या खासगी जागेत काही दिवस मका टाकून हरणांना त्या जागेची सवय लावली जाई. मग रात्री थोड्या अंतरावर उभ्या केलेल्या गाडीतून, नर ओळखून, त्याच्या मांडीवर भुलीची सुई झाडली जाई. सुई लागल्यावर हरीण काही मिनिटे पळते. अंधारात ते कुठे कोसळले हे सापडावे म्हणून सुईत बारीकसा रेडिओ प्रक्षेपक असतो. सापडल्यावर त्याचे डोळे झाकून, झोळीत घालून पशुवैद्यकाकडे नेतात. तिथे छोटा छेद देऊन दोन्ही शुक्रवाहिन्या तोडल्या जातात, कानाला क्रमांकाचा बिल्ला लावला जातो आणि भूल उतरवणारे औषध देऊन त्याला पुन्हा मूळ जागी सोडले जाते. अंडकोष काढले जात नाहीत, त्यामुळे शिंगे नेहमीप्रमाणे येतात व झडतात आणि नर माजात येऊन माद्यांच्या मागे लागतो. मादी तेवढी गाभण राहत नाही. पहिल्याच हंगामात सातशेहून अधिक नरांवर ही शस्त्रक्रिया झाली आणि बेटावरच्या नरांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक त्यात आले, असे सांगितले गेले.

वन्यजीव व्यवस्थापनाच्या अभ्यासकांचा आक्षेप नेमका या निवडीवर होता. कोणत्याही पाठ्यपुस्तकात असे लिहिलेले सापडते की हरणांसारख्या प्राण्यांत एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून वाढ रोखायची तर मादीवर लक्ष द्यावे. नरांपैकी चार-दोन जरी सुटले तरी केलेले काम वाया जाते. शिवाय मादी गाभण राहिली नाही तर साधारण चार आठवड्यांनी पुन्हा माजावर येते, आणि असे हिवाळाभर अनेकदा घडू शकते. त्यामुळे नरांची धावपळ आणि तिच्याबरोबर रस्त्यावरचे अपघात नोव्हेंबरपुरते न राहता फेब्रुवारीपर्यंत लांबतील, अशी भीतीही व्यक्त झाली. आपल्याकडच्या चितळांत वर्षातल्या कोणत्याही महिन्यात पाडस दिसू शकते. उत्तर अमेरिकेतल्या या हरणाचे तसे नाही. सुमारे दोनशे दिवसांच्या गर्भकाळानंतर पाडसे मे-जूनमध्येच जन्मली तर त्यांना थंडीपूर्वी वाढायला वेळ मिळतो. उशिरा गाभण राहिलेल्या मादीचे पाडस ऑगस्ट-सप्टेंबरात येते आणि कोवळ्या अंगाने हिवाळ्याला सामोरे जाते.

आक्षेप चुकीचा नव्हता, पण त्यात दोन गोष्टी दुर्लक्षिल्या गेल्या. पहिली गोष्ट, पांढऱ्या शेपटीचे नर जनाना बाळगत नाहीत. एक नर माजावर आलेल्या एका मादीबरोबर एक-दोन दिवस राहतो, इतरांना हाकलतो आणि मगच पुढच्या मादीकडे वळतो. माद्या बहुधा थोड्याच आठवड्यांच्या अवधीत माजावर येत असल्याने एका नराला सगळीकडे पुरे पडणे जमत नाही. दुसरी गोष्ट प्रमाणाची, आणि ती साध्या हिशेबाने स्पष्ट होते. समजा, प्रत्येक माजाच्या वेळी मादीला कोणताही नर सारख्याच शक्यतेने भेटतो आणि गाभण न राहिल्यास ती एकूण पाच वेळा माजावर येते. नरांपैकी ७५ टक्के निर्बीज असतील, तर पाच संधींत मिळून ७६ टक्के माद्या गाभण राहतात, म्हणजे एवढा उपद्व्याप करून जवळजवळ काहीच साधत नाही. प्रमाण ९३ टक्क्यांवर नेले तर त्याच हिशेबाने फक्त ३० टक्के माद्या गाभण राहतात. पाठ्यपुस्तकातला इशारा ७५ टक्क्यांच्या जगाला लागू होता. बेटासारख्या बंदिस्त जागेत, पैसा आणि मनुष्यबळ ओतून ९० च्या वर जाता येते, हे स्टॅटन आयलंडने दाखवले आणि पाडसांच्या जन्मात मोठी घट झाल्याचे शहराचे अहवाल या हिशेबाशी जुळतात.

माद्यांची शस्त्रक्रिया हा पर्यायही निर्दोष नाही, हे न्यूयॉर्क राज्यातच कॉर्नेल विद्यापीठाने अनुभवले होते. इथाकातल्या विद्यापीठाच्या आवारात २००७ पासून माद्यांच्या गर्भनलिका बांधण्याचा प्रयोग काही वर्षे चालला. मादीवरची शस्त्रक्रिया अधिक खोल, वेळखाऊ आणि महाग असते, हा एक भाग झाला. शिवाय नलिका बांधलेल्या माद्या पुन्हा पुन्हा माजावर येत राहिल्या आणि त्या ओढीने आजूबाजूचे नर आवारात गोळा झाले, म्हणून माद्या कमी होऊनही एकूण संख्या फारशी हलली नाही. लसीने गर्भधारणा रोखण्याचे प्रयोग लाँग आयलंडजवळच्या फायर आयलंडवर १९९३ पासून आणि हडसनकाठच्या हेस्टिंग्ज गावात २०१४ पासून झाले. त्यांत मादी ओळखून तिला पुन्हा पुन्हा टोचावे लागते, हे एका गावाच्या आवाक्यातले काम असले तरी दोन हजार हरणांच्या बेटाच्या आवाक्यातले नव्हते. नर एकदाच पकडावा लागतो, ही नसबंदीची खरी जमेची बाजू होती.

मग एवढे सगळे जमूनही हरणे किती कमी झाली? शहराच्या अंदाजानुसार पहिल्या चार वर्षांत सुमारे एक-पंचमांश. टीकाकारांनी हा आकडा अपयशाचा पुरावा म्हणून दाखवला आणि प्रशासनाने तोच यशाचा पुरावा म्हणून दाखवला. माझ्या मते तो दोन्हींपैकी काहीच नाही, तो निवडलेल्या उपायाचा स्वाभाविक परिणाम आहे. नसबंदीने हरीण मरत नाही. समजा, बेटावर दरवर्षी पंधरा टक्के हरणे गाड्यांखाली, आजाराने किंवा वयाने मरतात आणि एकही पाडस जन्मत नाही. तरीदेखील चार वर्षांनी निम्म्याहून थोडी अधिक हरणे उरतातच. त्यात तीसेक टक्के माद्या वीत राहिल्या आणि पलीकडून काही पोहत आली, तर एक-पंचमांश घट हीच अपेक्षा ठेवायला हवी होती. शिवाय या काळात शस्त्रक्रिया झालेली हरणे मेलेली नव्हती. ती रोज चरत होती. ग्रीनबेल्टमधल्या ओकच्या रोपाला समोरचा नर निर्बीज असल्याचा काहीही उपयोग नसतो.

इथेच या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा दोष दिसतो. शहराने उपाय ठरवला, त्याची अंमलबजावणी उत्तम केली आणि अंमलबजावणीचेच आकडे जाहीर केले : किती नर पकडले, किती टक्के झाले, किती पाडसे कमी दिसली. किती हरणे राहिली म्हणजे काम पुरे झाले म्हणायचे, हा प्रश्न मात्र उघडपणे कधी सोडवला गेला नाही. लोकांची तक्रार नरांच्या संख्येविषयी नव्हतीच. त्यांना अपघात, बाग, जंगल आणि गोचीड यांची काळजी होती, आणि या प्रत्येकासाठी 'पुरेशी कमी' हा आकडा वेगळा आहे. जंगलात रोपे वर यायची तर साधारणपणे चौरस किलोमीटरला सात-आठ हरणांच्या वर संख्या नसावी, असे पूर्व अमेरिकेतले अभ्यास सुचवतात. दोन हजार हरणे दीडशे चौरस किलोमीटरवर सारखी पसरली तरी चौरस किलोमीटरला तेरा-चौदा होतात, आणि ती सारखी पसरत नाहीत. घरे, रस्ते वगळून उरलेल्या हिरव्या तुकड्यांत ती गोळा होतात, तेव्हा तिथली दाटी याच्या कितीतरी पट असते. एक-पंचमांश घटीने तिथे काही बदलावे अशी अपेक्षाच नव्हती.

गोचिडांच्या बाबतीत अंतर आणखी मोठे आहे. लाइम आजार, ज्याला कनेक्टिकटमधल्या गावाचे नाव मिळाले, तो काळ्या पायांच्या गोचिडीमुळे होतो. त्याचे जंतू हरणात तग धरत नाहीत. ते मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदरात राहतात आणि गोचिडीचे पिल्लू उंदराला चावते तेव्हा ते तिच्यात शिरतात. पण पूर्ण वाढलेली गोचीड हरणाच्या अंगावर चढते, तिथे नर-मादी भेटतात, मादी रक्त पिऊन फुगते आणि खाली पडून हजारो अंडी घालते. हरीण आजार देत नसले तरी गोचिडींचे कुळ तेच पोसते. या नात्यामुळे हरणे थोडी कमी करून भागत नाही, कारण उरलेल्या प्रत्येक हरणावर गोचिडींची गर्दी वाढते. कनेक्टिकटमधल्या ग्रोटन गावाच्या ममफर्ड कोव्ह या वसाहतीत शिकारीने हरणे सुमारे ८७ टक्क्यांनी घटवली आणि चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास आणून ठेवली, तेव्हा गोचिडी आणि लाइमचे रुग्ण या दोन्हींत साधारण तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश घट दिसली. स्टॅटन आयलंडच्या रहिवाशांनी सभांमध्ये गोचिडींचाच प्रश्न सर्वाधिक पोटतिडकीने मांडला होता, आणि निवडलेला उपाय त्या प्रश्नापर्यंत पोहोचायला सर्वांत जास्त वर्षे घेणारा होता. हे त्यांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवे होते.

निर्णय कुणाच्या हातात होता, हेही पाहण्यासारखे आहे. हरणे राज्याची, उद्याने शहराची, माउंट लोरेटो राज्याचे, ग्रेट किल्स आणि फोर्ट वॉड्सवर्थ केंद्र सरकारच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे, आणि उरलेली सारी परसे नागरिकांची. हरीण एका रात्रीत या चारही हद्दी ओलांडते. प्रत्येक हद्दीत काम करायला वेगळी परवानगी लागते, आणि जिथे परवानगी मिळत नाही ती जागा आपोआप निर्बीज न झालेल्या नरांचे आश्रयस्थान ठरते. नव्वद टक्क्यांच्या वर जाणे हे एवढ्या परवानग्या जमवण्याच्या कारकुनी चिकाटीचेही फळ होते. अशा कामाचे श्रेय बातम्यांत कधी येत नाही.

या कार्यक्रमातून एक अनपेक्षित गोष्टही निघाली. हरणे पकडून हाताखाली येतच होती, म्हणून पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१-२२ च्या हिवाळ्यात त्यांच्या रक्ताचे आणि नाकातल्या स्रावाचे नमुने घेतले. तपासलेल्या १३१ हरणांपैकी सुमारे १५ टक्क्यांमध्ये कोविडच्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आढळली आणि काहींत प्रत्यक्ष संसर्ग सापडला. ओमायक्रॉन हा तेव्हाचा नवा प्रकार रानटी प्राण्यात प्रथम आढळला तो याच बेटावर. माणसांपासून हरणांत तो कसा गेला हे उलगडले नाही, पण उपनगरात माणूस आणि हरीण किती जवळ राहतात याचा एवढा थेट पुरावा आधी कुणाजवळ नव्हता. हरणे मारण्याचा कार्यक्रम असता तरी नमुने मिळाले असते, पण बिल्ला लावलेल्या त्याच हरणाला पुढल्या वर्षी पुन्हा तपासण्याची सोय त्यात राहिली नसती.

आता प्रश्न उरतो तो कार्यक्रम टिकवण्याचा. शस्त्रक्रियेचा परिणाम त्या नराच्या आयुष्यभर टिकतो, पण दर उन्हाळ्यात जन्मणाऱ्या पाडसांपैकी निम्मे नर असतात आणि ते पुढल्या हिवाळ्यापर्यंत माद्यांना गाभण करण्याइतके वाढतात. त्यात भर आर्थर किलच्या पलीकडून येणाऱ्यांची. हरणांमध्ये जन्मस्थान सोडून लांब जाणारे बहुतेक दीडेक वर्षांचे तरुण नर असतात. माद्या आईच्या आसपासच राहतात. पोहून येणारे प्रत्येक हरीण म्हणजे बहुधा शस्त्रक्रिया न झालेला नर, अशी ही या पद्धतीची सर्वांत दुबळी जागा आहे. माद्यांवर आधारलेला कार्यक्रम असता तर असा पाहुणा येऊन जननक्षमतेत फारसा फरक पडला नसता. इथे तो थेट हिशेबात शिरतो. म्हणून दरवर्षी नव्या नरांना शोधून पकडणे हा या उपायाचा कायमचा भाग आहे, आणि जसजसे थोडे उरतात तसतसा उरलेल्या प्रत्येकाला पकडायला लागणारा वेळ आणि पैसा वाढतो, कारण शेवटपर्यंत सुटलेले नर मक्याला न भुलणारेच असतात. शहराच्या अंदाजपत्रकात हा खर्च मुदतवाढीच्या रूपाने दर एक-दोन वर्षांनी नव्याने मंजूर होत आला. जीवशास्त्र त्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही : एखादा हंगाम बुडाला आणि निर्बीज नरांचे प्रमाण ९३ वरून ८० टक्क्यांवर आले, तर आधी मांडलेल्या त्याच हिशेबाने त्या हिवाळ्यात गाभण राहणाऱ्या माद्या ३० टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर जातात.